पोलोनाचा गुडघा आणि त्रिएस्तेचं बॅरोमीटर

पोद्कामेन गावाला उद्याचं हवामान रेडिओ सांगत नसे, पोलोनाचा उजवा गुडघा सांगत असे. रेडिओ बिचारा राजधानीचा, लुब्लियानाचा. तिथे बसलेल्या माणसाला खिडकीतून लुब्लियाना दिसणार. आमच्या डोंगरामागे काय शिजतंय ते त्याला काय कपाळ कळणार? इथे ढग विचारून येत नाहीत. सकाळी लख्ख ऊन, गवत कापून उतारावर पसरलेलं, आणि दुपारी चार घास खायला बसावं तर डोंगराच्या खांद्यावरून काळाकुट्ट ढग डोकावतोय. कापलेलं गवत भिजून कुजलं तर हिवाळ्यात गाईंपुढे काय टाकायचं, रेडिओ?

म्हणून गवत कापायच्या दिवसांत, लांब दांड्यांचे विळे ठोकून धार काढायला बसण्याआधी, सगळं गाव संध्याकाळी पोलोनाच्या कुंपणाशी जमायचं.

"पोलोनामावशी, गुडघा काय म्हणतोय?"

पोलोना बाकावर बसलेली असायची. पाय स्टुलावर, गुडघ्यावर शाल. ती डोळे मिटायची, गुडघा दोन बोटांनी दाबायची, तोंड वाकडं करायची आणि मग न्यायाधीशाच्या थाटात सांगायची, "उद्या कापा." किंवा, "उद्या कोणी विळ्याला हात लावला तर याद राखा." आणि ते कधी चुकायचं नाही. लोकांनी त्या गुडघ्याच्या भरवशावर लग्नांच्या तारखा ठरवल्या होत्या.

व्हिंको म्हणजे पोलोनाचा नवरा. जन्मभर खालच्या खोऱ्यात स्टेशनमास्तर. पहाटे निघायचा, अंधार पडल्यावर परतायचा, त्यामुळे बायकोच्या गुडघ्याबद्दल त्याला गावाइतकीच माहिती होती, म्हणजे गुडघा हुशार आहे एवढीच. मग तो निवृत्त झाला, सकाळचा घरात बसू लागला, आणि त्याला जिना ऐकू आला.

त्यांची झोपायची खोली माडीवर. पोलोना सकाळी खाली उतरायची ती कठड्याला लटकून, एकेक पायरी चाचपत. "योय." पुढची पायरी. "योय, योय." इंजिनांच्या शिट्ट्यांनी व्हिंकोचा डावा कान कामातून गेला होता, तरी उजव्यानं त्यानं सगळं ऐकलं. आपण इतकी वर्षं गाड्यांना हिरवे कंदील दाखवत होतो आणि ही इथे रोज अशी उतरत होती! त्याला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरनं कधीचंच सांगून ठेवलं होतं की गुडघा बदला. समुद्रकाठच्या हॉस्पिटलातून तारीखही यायची. पण तारीख आली की पोलोना काही ना काही खुसपट काढायची. एकदा गवताची पहिली कापणी आडवी आली, एकदा दुसरी.

"मी तिकडे टांग वर करून पडले तर गावाला हवा कोण सांगणार? तू?"

तो 'तू' व्हिंकोला असा झोंबला की विचारू नका. ज्या माणसानं अख्ख्या लाईनीची वाहतूक सांभाळली त्याला हवा सांगता येऊ नये?

"सांगीन! सांगून दाखवीन!"

"दाखव ना. ज्या दिवशी गाव माझा गुडघा सोडून तुला विचारेल त्या दिवशी मी बॅग भरेन. शब्द दिला."

लोक बसनं सीमेपलीकडे इटलीतल्या त्रिएस्तेला जातात ते कॉफी आणायला, नाहीतर जीनच्या पँटी आणायला. व्हिंको गेला आणि बंदरावरच्या जुन्या बाजारातून पितळी चौकटीचं भलंमोठं बॅरोमीटर घेऊन आला. कस्टमवाल्यापुढे ते कोटाखाली पोटाशी धरून तो इतका ताठ बसला होता, की कस्टमवाल्यानंच "आजोबा, दम लागलाय का?" म्हणून विचारलं.

बॅरोमीटर रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत टांगलं. काचेमागे इटालियन अक्षरं होती: छान हवा, बदल, पाऊस, आणि डाव्या टोकाला तेम्पेस्ता, म्हणजे वादळ. टांगल्याबरोबर काटा तेम्पेस्तावर गेला आणि तिथेच बसला.

"सगळ्यांनी खिडक्या बंद करा!" व्हिंको रस्त्यावर जाऊन ओरडला. त्यानं गाई आत बांधल्या, कोंबड्या कोंडल्या, छपरावर दगड ठेवले. ऊन असं पडलं होतं की सरडे भिंतीवर लोळत होते. दुसऱ्या दिवशीही तेम्पेस्ता. तिसऱ्याही. व्हिंको रेनकोट घालून, घामानं निथळत गावातून फिरला.

"मास्तर, आतून भिजलात की!" शेजारचा याका कुंपणावरून म्हणाला. याकाचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा, कधी बंद नाही.

एका यंत्रानं भागत नाही असं व्हिंकोनं ठरवलं. आजोबांच्या काळी घराघरात असायची ती स्प्रूसच्या झाडाची फांदी त्यानं साल सोलून दाराशी ठोकली. हवा दमट झाली की तिचं टोक एका बाजूला झुकतं, कोरडी झाली की दुसऱ्या. त्यानं ती उलटी ठोकली. त्यामुळे फांदी अगदी चोख काम करायची, फक्त सगळं उलटं सांगायची, आणि हे कळेपर्यंत पोलोनाच्या चादरी दोनदा भिजल्या. मग एक लाकडी हवाघर आणलं. उघडीप असली की त्यातून झगेवाली बाई बाहेर येते, पाऊस असला की छत्रीवाला बुवा. ते त्यानं चुलीच्या वर टांगलं. झालं! पातेल्यातले बटाटे उकळू लागले, की बुवा छत्री घेऊन हजर.

"तुझा बुवा हवा नाही सांगत, जेवण तयार झालं ते सांगतो," पोलोना म्हणाली. "पण सांगतो बरोबर हं, त्याला नावं नाही ठेवणार."

पुढे केसाचं यंत्र. माणसाचा केस ओल्या हवेत लांबतो, कोरड्यात आखडतो, त्याला सुई बांधली की ती हलते. केस सोनेरी हवा आणि त्यावर तेलाचा अंश नको. मुलगी नेझा रविवारी जेवायला आली तेव्हा व्हिंको कात्री घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा.

"बाबा, काय करताय?"

"हलू नकोस. विज्ञान आहे."

केस त्यानं घरच्या आलुबुखाराच्या दारूत धुतला. एक पेलाभर केसाला लागली, उरलेली बाटली विज्ञानाला. सुई मात्र हलेना. मग नेझानं लाजत सांगितलं, की केस मुळात काळा आहे, सोनेरी रंग बाटलीतला आहे. पोलोनाला हे नवीन होतं. त्या रविवारी हवामानाचा विषय मागे पडला आणि मायलेकींचं जे जुंपलं ते कॉफी थंड होईपर्यंत चाललं.

अंगणात पाऊस मोजायला लोणच्याची बरणी ठेवली होती. तिच्यात कोरड्या दिवशीही पाऊस सापडायचा, जरा पिवळसर. मग याकाच्या कुत्र्याला बरणीशी तंगडी वर केलेली पाहिली आणि तेही यंत्र बाद झालं.

गाव हसून हसून लोळत होतं, आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणाशी जमून, "मावशी, गुडघा काय म्हणतोय?" करत होतं. पोलोना सांगत होती. सकाळी जिना "योय, योय" करत होता. हॉस्पिटलची नवी तारीख जवळ येत होती, आणि व्हिंकोची झोप उडाली होती.

शेवटी त्यानं लाज गुंडाळून जुन्या दोस्ताला फोन लावला. स्टाने, समुद्राकडच्या स्टेशनावरचा मास्तर.

"बॅरोमीटर घेतलंस कुठे?"

"त्रिएस्तेला. बंदरावर."

"आणि टांगलंस कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी!"

"अरे गाढवा! पाण्याच्या काठावरचं यंत्र डोंगरावर नेऊन टांगलंस. वर हवा विरळ. त्याला वाटणारच की जगबुडी आलीय! मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू असेल. तुझ्या गावाच्या उंचीला जुळवून घे. एकदाच. मग हात लावायचा नाही."

व्हिंकोनं स्क्रू फिरवला. काटा तेम्पेस्ता सोडून अलगद 'छान हवा'वर आला. इतके दिवस रुसलेलं पोर हसल्यावर बापानं हरखावं तसा व्हिंको हरखला. त्याच दिवशी गुडघा म्हणाला पाऊस, बॅरोमीटर म्हणालं छान, आणि दुपारी डोंगराआडून सर आली ती सगळ्यांना झोडपून गेली. यंत्र आता खोटं नव्हतं, पण आमच्या ढगांपुढे त्याची अक्कल तोकडी पडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिंको खिडकीशी उभा होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर, मनात बॅरोमीटर नदीत फेकायचा विचार. तेवढ्यात वर दार वाजलं. पोलोना उतरू लागली. "योय." पायरी. "योय." पायरी. "योय, योय, योय."

व्हिंकोचा हात आपोआप मागच्या स्क्रूकडे गेला. एक हलका पीळ. काटा 'पाऊस'वर.

दुपारी पाऊस आला.

हे पाप आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. सिग्नल खोटा दाखवणारा माणूस त्यानं आयुष्यभर हरामखोर मानला होता. पण सिग्नल खोटा कुठे होता? फक्त तार वेगळ्या ठिकाणी जोडली होती. त्यानं मनातल्या मनात नियम बांधले. जिना गप्प, तर छान हवा. वळणावर एखादी योय, तर बदल. वरपासून खालपर्यंत योय, तर पाऊस. आणि पोलोनानं "मारिया!" म्हणून देवाच्या आईला हाक मारली, की तेम्पेस्ता. त्यानं स्टेशनमास्तरकीची जुनी लाल टोपी डोक्यावर चढवली, आणि बॅरोमीटरशेजारी रोज सकाळी एक पाटी टांगू लागला. वाळवणीला मोकळीक असेल तर हिरवी, नाहीतर लाल. गावाच्या वरच्या टोकावरूनही ती दिसायची.

पहिल्या कापणीचे दिवस आले. एका संध्याकाळी याका कुंपणाशी उभा राहिला.

"मावशी, उद्या मोठा उतार काढायचा म्हणतोय. गुडघा काय म्हणतो?"

पोलोनानं गुडघा दाबला, पुन्हा दाबला. "काय की रे. आज गप्प आहे. काही कळत नाही."

असं कधी झालं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले.  दुसऱ्या दिवशी सकाळी पोलोना उतरली ती "मारिया!" करतच. व्हिंकोनं काटा तेम्पेस्तावर नेला आणि लाल पाटी टांगली. आकाश धुतल्यासारखं निळं होतं, लुब्लियानाचा रेडिओ उन्हाची गाणी गात होता.

"मास्तर, गाडी लेट आहे का?" याका खांद्यावर विळा टाकून हसत गेला. बाकीच्यांनी मात्र विळे खाली ठेवले. लाल म्हणजे लाल, एवढी शिस्त स्टेशनानं आमच्या खोऱ्याला लावलीय.

दुपारी गारा पडल्या. याका डोक्यावर टोपली धरून पळत आला, त्याचं गवत चिखलात गेलं, आणि त्याच्याच तोंडानं तासाभरात गावभर झालं, की मास्तरच्या खिडकीतल्या घड्याळाला कळलं ते गुडघ्यालाही कळलं नाही.

तेव्हापासून लोक खिडकीशी येऊ लागले. काचेवर टकटक करून काटा बघायचे, मान डोलवायचे, "पाऊस हं!" म्हणायचे. एका संध्याकाळी व्हिंकोनं आतून बघितलं. पोलोना बाकावर बसली होती, पाय स्टुलावर, शाल नीट घेतलेली. याका कुंपणाशी आला, "काय मावशी, बरंय ना?" म्हणाला आणि उत्तरासाठी न थांबता सरळ खिडकीकडे गेला. पोलोना शालीची सुरकुती सारखी करत राहिली.

व्हिंकोला भडभडून आलं. आपण बायकोचं राज्य चोरलं, आणि तेही तिच्याच कण्हण्यावर! तो बाहेर आला.

"पोलोना, ऐक. ते बॅरोमीटर आहे ना, ते खरं म्हणजे..."

"बॅग माळ्यावर आहे," ती म्हणाली. "काढून ठेव. शब्द म्हणजे शब्द."

तिला बसमध्ये बसवताना त्यानं पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं त्याच्या हातात वाळवलेल्या नासपत्यांची पिशवी कोंबली, गाईला काय घालायचं ते सांगितलं, आणि बस सुटली.

ऑपरेशन नीट झालं. नेझा जाऊन बघून आली. आई कुबड्या घेऊन चालते, नर्सेसना जेवणातल्या चुका सांगते, म्हणजे उत्तम आहे. व्हिंको खूश होता. आणि सकाळी जिना गप्प असायचा. रोज गप्प. नियमाप्रमाणे बॅरोमीटर रोज 'छान हवा'वर, पाटी रोज हिरवी, आणि नशीब असं, की उन्हाळाही तसाच कोरडा गेला. गावाचा भरवसा इतका वाढला, की लोक टकटक करायचेही थांबले.

मग दुसऱ्या कापणीची वेळ आली. वर्षातलं सगळ्यात गोड गवत, गाईंच्या हिवाळ्याचा खाऊ. आदल्या संध्याकाळी सगळं गाव विळे ठोकत होतं, टणटण आवाजानं खोरं भरून गेलं होतं, आणि व्हिंकोला तो प्रत्येक घाव डोक्यात बसत होता. सकाळी तो जिन्याखाली उभा राहिला. अगदी उजवा कान वर करून. काही नाही. त्यानं सुलटी करून ठोकलेली फांदी बघितली, ती मधेच. हवाघरातली बाई अर्धी बाहेर, बुवाही अर्धा बाहेर, दोघं दारात भांडत असल्यासारखी. बॅरोमीटरचा काटा स्क्रूचे इतके पीळ खाऊन बसला होता, की त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. खिडकीबाहेर सगळे पाटीची वाट बघत होते, विळे खांद्यावर.

सकाळ फार सुंदर होती हो. त्यानं हिरवी टांगली.

दुपारी, सगळा डोंगर कापून आडवा झाल्यावर, गवत पालथं घालायचीही वेळ न देता आभाळ फाटलं. बायका दाताळी टाकून पळाल्या, वाळवणीचे लाकडी मांडव रिकामेच भिजत राहिले, आणि थोड्या वेळानं पोद्कामेन गाव निथळत व्हिंकोच्या ओसरीवर येऊन उभं राहिलं. सगळ्यात पुढे याका, टोपीच्या कडेवरून धार लागलेली.

"मास्तर, हे काय?"

व्हिंकोनं टोपी काढली. "घड्याळ कधी चालतच नव्हतं. मी पोलोनाचं योय ऐकायचो आणि मागचा स्क्रू फिरवायचो."

याकानं टोपी काढून पिळली.

"म्हणजे," याका सावकाश म्हणाला, "आम्ही मावशीला ओलांडून खिडकीत जायचो, ते मावशीलाच विचारायला?"

"हो."

"गाढव आहेस तू."

"हो."

"आणि आम्ही तुझ्याहून मोठे. लाव फोन! जुना गेला तर गेला, नवा गुडघा काय म्हणतो ते विचार. उद्या तरी वाळेल का, एवढं कळू दे."

व्हिंकोनं फोन लावला. तिकडे कोणीतरी पोलोनाला बोलवायला गेलं. सगळं गाव दारातून आत वाकलं होतं.

"काय झालं? गाय आजारी पडली?" पोलोनाचा आवाज आला.

"गाय ठणठणीत आहे. पोलोना, मी तुला फसवलं. ते बॅरोमीटर..."

"स्क्रू ना? तो फिरवताना जिन्यावरून दिसायचास की मला. अरे माठ्या, मी जिन्यावर बोंबलत उतरायचे ती काय हौस म्हणून? तुला डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून! एरवी मी आपली हळू कण्हत उतरले असते, पहिल्यासारखी."

"आणि गारांच्या आदल्या संध्याकाळी गुडघा गप्प आहे म्हणालीस ते?" व्हिंकोनं विचारलं.

"मग काय जन्मभर कुंपणाशी बसू? मलाही चालायचं होतं, व्हिंको. पण मी उठून गेले असते तर गाव उघड्यावर पडलं असतं. तुझं घड्याळ आलं, मला बरं झालं. आता सांग, फोन कशाला केलास?"

मागून याकानं ढोसलं. "विचार, विचार!"

"पोलोना, गुडघा काय म्हणतोय?"

"कशाबद्दल?"

"हवेबद्दल."

"काही नाही म्हणत. थांब." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग कुबड्यांची टकटक दूर गेली. व्हिंकोनं रिसीव्हर उजव्या कानावर दाबून धरला आणि श्वास रोखला. टकटक, टकटक. मधे एक योय नाही. अर्धीसुद्धा नाही. मग टकटक परत जवळ आली.

"खिडकीतून बघून आले," पोलोना म्हणाली. "अगं बाई, इथे तर धो धो पडतोय, आणि मला पत्ताच नाही!"

व्हिंको रिसीव्हर हातात धरून ढसाढसा रडू लागला.

"काय म्हणाली? अरे, काय म्हणाली?" याकानं त्याचा ओला खांदा हलवला.

"म्हणाली," व्हिंकोनं नाक पुसलं, "पाऊस पडतोय."